गायकाच्या चेहऱ्यावरचा अंधार कोणी पाडला?

जयंतीचा महिना आला की वस्त्यावस्त्यांतून रात्रीचे कार्यक्रम सुरू होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर फोटोंचा पूर येतो. हे फोटो नीट पाहा. पुतळ्याला हार घालणारे पुढारी स्वच्छ दिसतात. दीपप्रज्वलनाच्या वेळी ओळीत उभे असलेले पाहुणे स्वच्छ दिसतात. ज्याच्यासाठी दोन-तीन हजार माणसे रात्री बारापर्यंत खुर्ची सोडत नाहीत, तो गायक मात्र निळ्या धुरकट उजेडात एक काळी आकृती होऊन उभा असतो. नाक कुठे, डोळे कुठे, कळत नाही. ढोलकीवाला तर फोटोत नसतोच. विचारले तर उत्तर ठरलेले असते : "अंधार होता, काय करणार?"

आमचे म्हणणे असे की हा अंधार आपोआप पडलेला नाही. तो पाडला गेला आहे. थोडा मंचावरच्या लाइटवाल्याने, थोडा कॅमेरा बनवणाऱ्याने आणि सर्वांत जास्त कॅमेऱ्यामागच्या नजरेने. म्हणून हा विषय केवळ फोटोग्राफीच्या हौशी माणसांचा नाही, तो आंबेडकरी चळवळीचाही आहे.

कोणी म्हणेल, हा ओढूनताणून आणलेला वाद आहे. तसे म्हणणाऱ्यांनी एवढे आठवावे की या देशात दिसणे आणि न दिसणे हा कधीच साधा प्रश्न नव्हता. पेशवाईत अस्पृश्याची सावली पडून विटाळ होऊ नये म्हणून त्याला रस्त्यावरून चालण्याचीही बंदी होती. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये या गोष्टीचा दाखला दिला आहे. तिरुनेलवेलीकडच्या पुरद वण्णान या जातीला तर दिवसा बाहेर पडायचीच मनाई होती. त्यांनी रात्री कपडे धुवायचे आणि उजाडायच्या आत घरात शिरायचे, कारण त्यांचे नुसते दर्शनही विटाळ मानले जाई. म्हणजे स्पर्श विटाळ, सावली विटाळ आणि दिसणेही विटाळ. फोटो म्हणजे तरी काय? उजेड आणि सावली यांची नोंद. ज्यांची सावली चुकवण्यासाठी व्यवस्थेने नियम केले, त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो की नाही हा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत नाही.

आता आपल्या गायकांचे पाहू. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. गण-गवळणीच्या जुन्या तमाशाचा साचा घेतला आणि त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. गॅसबत्तीच्या उजेडात, वेशीबाहेरच्या मोकळ्या जागेत, रात्र रात्र हे जलसे चालले. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत महाड आणि काळाराम मंदिर पोचले ते या जलशांतून. पुढे वामनदादा कर्डक आले. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस १५ मे २००४ ला गेला आणि मधला सारा काळ गावोगाव गात फिरला. प्रल्हाद शिंदे गायले. विठ्ठल उमप गायले, आणि २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले ते गेलेच.

या माणसांचे गातानाचे फोटो किती आहेत? आमच्या पाहण्यात आलेले बहुतेक फोटो स्टुडिओतले आहेत, सत्काराचे आहेत किंवा कॅसेटच्या कव्हरवरचे आहेत. कानावर हात ठेवून वरचा सूर लावणारे, ऐन रंगात आलेले, घामाने भिजलेले असे फोटो शोधून काढावे लागतात. मागे बसलेल्या कोरसचे, बेंजोवाल्याचे, खंजिरीवाल्याचे तर नावही सापडत नाही. दुसरीकडे शास्त्रीय संगीताच्या मैफलींचे पाहा. गायकाने हात कसा उचलला, तानपुऱ्यावर कोण बसले होते, साल कोणते होते याच्यासह जाडजूड पुस्तके निघतात, प्रदर्शने भरतात. सभागृहातल्या मैफलीलाही उजेड कमीच असतो. तिथे अंधार आड येत नाही आणि इथे येतो. असे का? कारण तिथे चांगला कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला वाटते की इतिहास घडतो आहे. इथे त्याला वाटते की कार्यक्रम चालू आहे.

नोंद असली तर काय होते याचा दाखला आपल्याकडेच आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मारली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. घोगरे आज नव्या पिढीला गाताना दिसतात, कारण आनंद पटवर्धन यांनी ऐंशीच्या दशकातच 'हमारा शहर'साठी त्यांना चित्रित केले होते. पुढे १४ वर्षे चित्रीकरण करून 'जय भीम कॉम्रेड' उभा राहिला. तो कॅमेरा तिथे नसता तर घोगरे म्हणजे वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी उरली असती. कडूबाई खरात एकतारी घेऊन गात होत्या, त्यांना महाराष्ट्राने ओळखले ते मोबाइलवर फिरलेल्या चित्रफितींमुळे. कॅमेऱ्याची ताकद ही अशी आहे. मग ती कशी वापरायची याचा विचार नको करायला?

पहिल्यांदा यंत्राची गोष्ट. यंत्राला जात नसते असे सांगितले जाते. यंत्राला नसेल, पण यंत्र बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ग्राहक असतो. कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्या लॅबना एक नमुना कार्ड पाठवत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. त्या कार्डाला 'शर्ली' म्हणत. शर्लीची कातडी बरोबर दिसली की रंग बरोबर, असा हिशोब. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी हा इतिहास उकरून काढला. त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट अशी की तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती काळ्या माणसांच्या सांगण्यावरून नव्हे, तर चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या जाहिरातदारांच्या सांगण्यावरून. काळ्या आईच्या मांडीवरचे मूल फोटोत दिसत नाही याचे कोणाला काही वाटले नाही, कपाटाचे लाकूड दिसेना तेव्हा मात्र प्रयोगशाळा हलली. तीच फिल्म आपल्याकडेही विकली गेली.

आता फिल्म गेली, डिजिटल आले. पण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर अजूनही एक गृहीत धरतो : समोरचे दृश्य सरासरी मधल्या राखाडी रंगाचे आहे. आपल्या मंचावर हे गृहीत दोन्ही बाजूंनी फसते. मागे मोठा काळा पडदा असेल तर मीटर सगळेच उजळ करतो आणि फोकसखाली उभ्या असलेल्या गायकाचा चेहरा पांढराफट्ट पडतो. मागे झगमगता एलईडी पडदा किंवा पांढरा फलक असेल तर मीटरला वाटते उजेड भरपूर आहे, तो सगळे दाबतो आणि गायक काळाठिक्कर होतो. हल्ली प्रत्येक जयंतीला मागे एलईडी पडदा असतो आणि त्यावर वर्गणीदारांचे चेहरे फिरत असतात. म्हणजे वर्गणीदार उजळतो आणि त्याच उजेडाने गायक झाकला जातो. एवढे बोलके चित्र शोधूनही सापडणार नाही!

याला उपाय आहे आणि तो अवघड नाही. कॅमेऱ्याला अख्खे दृश्य मोजू न देता फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजायला लावायचा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरले की हेच काम होते. सावळ्या चेहऱ्यावरून गोऱ्यापेक्षा कमी उजेड परत येतो, म्हणून चेहरा त्याच्या खऱ्या रंगात कसा दिसतो हे पाहून उजेड ठरवायचा. "आत्ता काळा येऊ दे, नंतर कॉम्प्युटरवर उजळ करू" ही खोड मोडायची. अंधारात गेलेला तपशील नंतर ओढून काढला की त्याबरोबर दाणे येतात आणि कातडीचा रंग मातकट होतो. त्यापेक्षा आयएसओ ३२०० वर नेला, थोडे दाणे आले, तरी चालेल. दाण्यांतून माणूस दिसतो. काळ्या डागातून दिसत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि इथे आम्हाला आपल्याच माणसांशी भांडायचे आहे. निळा रंग आपला आहे. झेंडा निळा, कमान निळी, फेटे निळे. म्हणून मंडप-डेकोरेशनवाला मंचावरचे सगळे पार लाइटही निळे लावतो आणि मंडळाला वाटते, वातावरण झाले. पण सावळी, तपकिरी कातडी मुख्यतः तांबूस-पिवळा उजेड परत पाठवते, निळा फार कमी. समोरून नुसता निळाच उजेड आला तर त्या चेहऱ्याकडे परत पाठवायला जवळपास काही उरत नाही. पांढरा सदरा निळा होऊन चमकतो आणि वरचा चेहरा नाहीसा होतो. महागडा कॅमेरा आणला तरी हेच होणार. निळा उजेड मागच्या पडद्यावर टाका, कमानीवर टाका, छतावर टाका, आमची काही हरकत नाही. गायकाच्या चेहऱ्यावर मात्र एक साधा पिवळसर-पांढरा दिवा लावा, समोरून जरा बाजूला, डोक्याच्या वर. एवढ्या एका दिव्याने रात्र पालटते. जे मंडळ डीजेवर लाखभर रुपये उधळते त्याला एका दिव्याचे भाडे परवडत नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

तिसरी गोष्ट याच्या उलट टोकाची. अंधाराला कंटाळून माणसे मोबाइलचा 'ब्यूटी' फिल्टर लावतात आणि गायिका एकदम गोरी होते. गालावरच्या रेषा जातात, घाम जातो, वय जाते. ज्या देशात 'फेअर अँड लव्हली' नाव बदलायला २०२० साल उजाडावे लागले तिथे हे नवल नाही. पण काळवंडणे जितके खोटे, तितकेच हे पांढरे करणेही खोटे. रापलेला चेहरा उन्हात राबलेल्या माणसाचा असतो, तो पुसायचा अधिकार कोणाला दिला?

या दोन्ही खोट्यांमधून वाट काढणारा एक माणूस होऊन गेला. रॉय डिकरावा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. १९५२ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय फोटोग्राफर. जॉन कोल्ट्रेनसारख्या जॅझ वादकांचे फोटो त्याने क्लबांच्या अंधुक उजेडात, फ्लॅश न वापरता काढले. अंधाराला तो घाबरला नाही आणि त्याने अंधारात माणूस हरवूही दिला नाही. त्याच्या फोटोंत काळ्या आणि राखाडी रंगांच्या इतक्या छटा आहेत की डोळा सरावला की कपाळ दिसते, पापणी दिसते, वाजवणाऱ्याच्या मनात काय चालले आहे ते दिसते. काळ्या कातडीला उजळ करण्याची त्याला गरज वाटली नाही, कारण ती त्याला नीट पाहता येत होती. १९७२ साली इथल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहून दलित पँथर उभी केली. त्यांच्या लढ्याकडून शिकलो, तर त्यांच्या फोटोग्राफरांकडूनही शिकायला हरकत नसावी. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, तेही याच जातीचे काम आहे : माणसाला कीव येईल असे न दाखवता, माणूस म्हणून दाखवणे.

चौथी गोष्ट नजरेची. बाहेरून येणारा फोटोग्राफर आपल्या शाहिरांत एकच फोटो शोधतो : मूठ वर, तोंड उघडे, कपाळावरची शीर ताणलेली, हातात हलगी. हा फोटो खरा आहे, पण तो एकटाच खरा नाही. विद्रोह म्हणजे फक्त संताप असे ज्याला वाटते त्याने आपली गाणी ऐकलेलीच नसतात. भीमगीतांत पाळणा आहे, विनोद आहे, सवाल-जवाबाची चेष्टा आहे, रमाईसाठी गळा दाटून येणे आहे. कोरसने ओळ उचलली की मुख्य गायक क्षणभर थांबतो, डोळे मिटतो, ओठांवर हसू येते. फोटो काढायचा क्षण तो आहे. त्या वेळी देह स्थिर असतो, १/१०० सेकंदालाही चेहरा हलत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने या वेगाला ट्यूबच्या लुकलुकण्याचे पट्टेही येत नाहीत. पण हा क्षण कळायला गाणे कळले पाहिजे. गाणे माहीत नसलेला माणूस नुसते बटण दाबत राहतो. म्हणून आम्हाला वाटते की हे फोटो वस्तीतल्याच पोरापोरींनी काढावेत, ज्यांना पुढची ओळ तोंडपाठ आहे.

आता एक गंभीर आक्षेप. आमचे काही साथी विचारतात, दिसणे हेच संकट असेल तर? एल्गार परिषदेच्या प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये कबीर कला मंचाच्या कलावंतांना अटक झाली. गाणे म्हटले म्हणून संशयित ठरण्याच्या काळात स्वच्छ फोटो काढणे म्हणजे पोलिसांचे काम सोपे करणे नाही का? हा प्रश्न आम्ही उडवून लावत नाही. जो मंचावर उभा राहतो तो आपला चेहरा जाणूनबुजून लोकांपुढे ठेवतो, त्याचे दिसणे हा त्याच्या बोलण्याचा भाग आहे. श्रोत्यांचे तसे नसते. नोकरीवर जाणारा कामगार, घरच्यांना न सांगता आलेली मुलगी, शाळकरी पोर यांचे चेहरे न विचारता चव्हाट्यावर मांडू नयेत. आणि मंचावरच्या माणसालाही विचारावे : हा फोटो कुठे लावू, नाव टाकू का? गायिकांच्या फोटोंखाली ज्या घाणेरड्या प्रतिक्रिया येतात त्या पाहता हे विचारणे तर सक्तीचेच असावे. दिसण्याचा हक्क म्हणजे कसे, कुठे आणि कोणाला दिसायचे हे ठरवण्याचा हक्क. तो फोटोग्राफरचा नाही, ज्याचा चेहरा आहे त्याचा आहे.

दुसरा आक्षेप नेहमीचा : फोटोंपेक्षा विचार मोठा. मान्य. पण आपल्या घराघरांत बाबासाहेबांचा फोटो आहे तो शोभेसाठी नाही. सुटाबुटातला, हातात पुस्तक घेतलेला, मान ताठ ठेवलेला आपला माणूस पिढ्यान्‌पिढ्यांनी भिंतीवर पाहिला आणि त्या पाहण्याने कणा ताठ झाला. ज्या समाजाने एका फोटोचे हे सामर्थ्य अनुभवले आहे त्याला फोटोचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तो फोटो घराघरांत नेणाऱ्या गाण्यांचे गायक मात्र बिनचेहऱ्याचे राहावेत, हे बरे नाही.

म्हणून जयंती मंडळांकडे आणि उत्सव समित्यांकडे आमची मागणी स्पष्ट आहे. कार्यक्रमाच्या खर्चात चेहऱ्यावरच्या दिव्याचा खर्च धरा. गाणे चालू असताना मागचा एलईडी पडदा मंद करा किंवा बंद करा. वस्तीतल्या दोघा-तिघांना मंचाच्या बाजूला बसून फोटो काढण्याचे काम नेमून द्या. समोरून माइक तोंड झाकतो, बाजूने झाकत नाही. त्यांना फ्लॅश मारू देऊ नका, फ्लॅशने चेहरा सपाट होतो आणि गाणाऱ्याचा सूर चुकतो. ढोलकी, हार्मोनियम, बेंजो, कोरस, प्रत्येकाचा एक तरी फोटो झालाच पाहिजे. प्रत्येक फोटोबरोबर गाव, तारीख आणि माणसाचे पूर्ण नाव लिहून ठेवा, "गायन पार्टी" एवढे लिहून भागणार नाही. फोटोची प्रत त्या कलावंताला द्या, म्हणजे पुढच्या सुपारीसाठी त्याला तीच दाखवता येईल. मूळ फाइली बुद्धविहाराच्या किंवा वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून गाळ झालेला फोटो हा पुरावा नव्हे.

वीस-पंचवीस वर्षांनी कोणी पोर विचारेल, आपल्या वस्तीत तेव्हा कोण गात होते? त्या वेळी त्याच्या हातात काळी आकृती द्यायची की माणूस, हे आत्ताच ठरणार आहे. दिवा भाड्याने मिळतो, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, नाव लिहायला कागदाचा चिटोरा पुरतो. येत्या १४ एप्रिलच्या बैठकीत वर्गणीचा हिशोब मांडाल तेव्हा हा विषयही यादीत घ्या.

जय भीम!